बाहुल्यांच्या खेळाची जाहिरात : महिन्याला तीन हजारांत काय करता येईल?

सावलीताई | ९ जून, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी आणि माझी थोरली बहीण सांगलीत मुलांसाठी बाहुल्यांचे खेळ करतो. चार वर्षं झाली. हातमोज्याच्या बाहुल्या, थोड्या काठीवरच्या आणि शेवटी पडद्यामागून सावल्यांची एक गोष्ट, असा पाऊण तासाचा खेळ असतो. कागदाच्या लगद्याचे चेहरे ताई करते, कपडे आई शिवते, गोष्ट आणि आवाज माझे. गावात खेळ असला तर ५,००० रुपये घेतो. बाहेरगावी गाडीखर्च वेगळा.

खेळ आवडतो, यात शंका नाही. मुलं पडद्यामागे येऊन बाहुल्यांना हात लावून जातात. पण महिन्याला सरासरी तीन-चारच खेळ लागतात. मे महिन्यात अकरा झाले, गेल्या जुलैत एकही नव्हता. दोघींचं घर यावर चालवायचं तर महिन्याला निदान आठ हवेत.

गेल्या वर्षी जाहिरातीवर १५,००० च्या वर घातले. सहा फ्लेक्स, पेपरातून वाटलेली ५,००० पत्रकं आणि इन्स्टाग्रामवर पैसे भरून पुढे ढकललेल्या दोन चित्रफिती. फ्लेक्स बघून कोणाचाही फोन आला नाही. पत्रकांवर तीन फोन, त्यातला एक खेळ ठरला. इन्स्टाग्रामवर हृदयं भरपूर आली, ती पार कुठल्या कुठल्या गावांहून.

आता महिन्याला तीन हजारांवर एक रुपया घालता येणार नाही. हे तीन हजार कुठे घालावेत? नाटक, जादू, ऑर्केस्ट्रा, कीर्तन, काहीही करणाऱ्यांनी अनुभव सांगा.

---

पानसुपारी | ९ जून, रात्री ९:४२

फ्लेक्सचा नाद सोडा. पालिकेची परवानगी नसेल तर तो गुन्हाही आहे, १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा आहे त्यासाठी. शिवाय चौकातला फ्लेक्स वाढदिवसवाल्या भाऊंचा. त्यांच्या गर्दीत तुमची बाहुली कोणाला दिसणार?

आधी एक काम करा. शेवटचे वीस खेळ कुठून आले ते वहीत लिहून काढा. आठवत नसेल तर त्या लोकांना फोन करून विचारा. ते कळल्याशिवाय तीन हजार काय, तीस हजार घातले तरी अंधारात दगड.

---

सावलीताई | १० जून, सकाळी ११:०५

पानसुपारी, आज सकाळी ताईबरोबर बसून फोन केले. वीसपैकी नऊ जणांनी आमचा खेळ आधी कुठेतरी पाहिला होता. पाच शाळेतल्या बाईंच्या सांगण्यावरून आले. तीन खेळण्यांच्या एका दुकानदार काकांनी पाठवले, दोन गूगलवर शोधून आले आणि एक पत्रकावरून. या काकांना आम्ही चार वर्षांत साधा दिवाळीचा फराळही नेऊन दिलेला नाही. आज संध्याकाळी जाणार आहोत.

---

पेठेतला | १० जून, दुपारी १:२०

पत्रकांना सरसकट नावं ठेवू नका. आमचा सुगम संगीताचा चार जणांचा संच आहे. आम्हीही आधी शहरभर वाटली आणि हात हलवत बसलो. मग पेपर टाकणाऱ्या मुलालाच विचारलं, तुझ्या लायनीत ज्येष्ठ नागरिक संघ कुठे आहेत? त्याने तीन सोसायट्या सांगितल्या. तिथे फक्त ४०० पत्रकं टाकली आणि चार कार्यक्रम मिळाले. सावलीताई, तुमची पाच हजार पत्रकं पाच वर्षांच्या मुलांच्या घरी गेली की निवृत्त लोकांच्या घरी, हे तुम्हाला ठाऊकच नाही. दोष कागदाचा नाही.

---

जादूची_पेटी | १० जून, रात्री १०:३५

बावीस वर्षं नाशिकला जादूचे प्रयोग करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, तुमच्या वहीतल्या आकड्यांतच उत्तर आहे. वीसातले नऊ खेळ बघून आले. म्हणजे सगळ्यात चांगली जाहिरात तुम्ही आधीच करताय आणि तिचे पैसेही लोकच देतायत. फक्त खेळ संपल्यावर ती जाहिरात तिथेच सांडून जाते. शेवटची पाच मिनिटं बांधा.

मी काय करतो ते सांगतो. प्रयोग संपला की प्रत्येक मुलाला एक कागद देतो. त्यावर घडी घालून करायची एक सोपी जादू छापलेली असते. मुलगा घरी जाऊन आजीला दाखवतो, शेजारच्या पिंट्याला दाखवतो. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात माझं नाव, नंबर आणि "वाढदिवस, मुंज, शाळा, गणेशोत्सव" एवढंच. व्हिजिटिंग कार्ड आई पर्समध्ये टाकते आणि विसरते. हा कागद मात्र फ्रिजवर चिकटतो. तुम्ही कापून काडीला चिकटवायची बाहुली द्या. जाड कागदावर एका रंगात छापली तर फार खर्च येत नाही आणि हजार कागद तुम्हाला तीन-चार महिने पुरतील.

दुसरं, वेळ. गिऱ्हाईक ज्या आठवड्यात ठरवतं त्याच आठवड्यात त्याच्या डोळ्यांसमोर असायला हवं. गणेशोत्सव मंडळांच्या आणि सोसायट्यांच्या बैठका आषाढात सुरू होतात. चतुर्थीच्या आठ दिवस आधी गेलात तर फक्त चहा मिळतो. शाळांची स्नेहसंमेलनं डिसेंबर-जानेवारीत, पण त्यांचं दिवाळीच्या सुट्टीआधीच ठरत आलेलं असतं. उन्हाळी शिबिरवाले फेब्रुवारी-मार्चमध्ये माणसं शोधतात. मेमध्ये अकरा खेळ झाले ते आपोआप झाले. जुलै रिकामा गेला, कारण जुलैसाठी एप्रिल-मेमध्ये कोणी हालचाल केली नाही.

तिसरं, दर कमी करू नका. तीन हजारांत यायला लागलात की तोच तुमचा दर होऊन बसतो. घासाघीस झालीच तर खेळ लहान करून द्या, पाऊण तासाऐवजी पंचवीस मिनिटं. तोच खेळ कमी पैशांत कधीही देऊ नका.

---

आजोळ | १० जून, रात्री ११:०२

जादूची_पेटी, प्रतिसाद कापून ठेवावा असा आहे. तो कागद आमच्या घरी खरंच फ्रिजवर होता. नाशिकलाच भाचीच्या वाढदिवसाला आला होतात बहुतेक. नाण्याची घडी!

---

दुसरी_अ_च्या_बाई | ११ जून, दुपारी ४:१५

मी शिक्षिका आहे. शाळेच्या बाजूने सांगते, कारण कलाकार दारात येतात तेव्हा नेमक्या चुकीच्या वेळी येतात.

१५ जूनला शाळा उघडते. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे प्रवेश, पुस्तकं, गणवेश, याद्या. तेव्हा आलेलं पत्र मुख्याध्यापिका न वाचता फायलीत घालतात. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यानंतर या. मधल्या सुट्टीत येऊ नका, आम्हाला डबाही खायचा असतो. शाळा सुटल्यानंतरची वीस मिनिटं उत्तम.

पत्र एका पानाचं हवं. आम्हाला काय कळायला हवं? खेळ किती मिनिटांचा, एका वेळी किती मुलं नीट बघू शकतील, जागा किती लागते, अंधार लागतो का, माईक तुमचा की आमचा, आणि एका मुलामागे किती रुपये. ५,००० हा आकडा ऐकून मुख्याध्यापिका दचकतात. "दीडशे मुलं, प्रत्येकी ३५ रुपये" म्हटलं की सहलीच्या खर्चाशी तुलना होते आणि काम सोपं होतं. शिवाय खेळ कुठल्या धड्याशी, कुठल्या विषयाशी जोडलेला आहे ते एका ओळीत लिहा. वरिष्ठांना दाखवायला आम्हाला ती ओळ लागते.

आणि खेळ झाल्यावर बाईंना विचारा, "तुमच्या ओळखीच्या दुसऱ्या शाळेत कोणाला भेटू?" आम्ही केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत एकमेकींना भेटतो. तिथे एकीने चांगलं म्हटलं की दहा शाळांत जातं. वाईट म्हटलं तरी जातं, म्हणून वेळ पाळा.

---

हरभट_रोड | ११ जून, संध्या. ६:३०

सुरुवातीला चार-पाच खेळ फुकट करा. नाव झालं की पैसे आपोआप येतात.

---

जादूची_पेटी | ११ जून, संध्या. ७:१२

हरभट_रोड, तुमचा हेतू चांगला आहे, पण इथे मी ठामपणे नाही म्हणेन. उमेदीच्या दिवसांत एका मोठ्या गृहसंकुलात फुकट प्रयोग केला. "पुढच्या वर्षी नक्की मानधन देऊ" असं सांगितलं होतं. पुढच्या वर्षी त्यांनी पैसे देऊन दुसऱ्याला बोलावलं. त्यांच्या लेखी मी फुकटवाला होतो. ते दुःख अजून जात नाही.

---

ग्रंथालयवाला | ११ जून, रात्री ९:२५

दोघांचंही बरोबर आहे. फुकट कोणी मागितला म्हणून करू नये, आपण निवडून करावा. आमच्या वाचनालयात एका कथाकथन करणाऱ्या ताईंनी १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, विनामोबदला कार्यक्रम केला. अट त्यांचीच होती : आसपासच्या आठ शाळांना निमंत्रण वाचनालयाने पाठवायचं आणि प्रत्येक शाळेची एक शिक्षिका आलीच पाहिजे. मुलं ऐंशी होती, शिक्षिका सात. त्या सातपैकी चौघींनी पुढे मानधन देऊन बोलावलं. फुकट कार्यक्रमात आपल्याला काय मिळणार ते आधी ठरलेलं असेल तर तो फुकट राहत नाही. दिवाळीआधी वर्षातून एकदा करा.

---

रीळवाला | १२ जून, सकाळी ८:५०

मोबाइलवरचं थोडं मी सांगतो, माझं कामच ते आहे.

गूगलवर व्यवसायाची नोंद फुकट होते. दुकान नसलं तरी चालतं, घरचा पत्ता लपवून "सांगली, मिरज, जयसिंगपूर, तासगाव" असा सेवेचा परिसर देता येतो. वीसातले दोन खेळ आत्ताच तिथून आलेत, म्हणजे लोक शोधतायत. प्रत्येक खेळानंतर त्याच दिवशी अभिप्रायाचा दुवा पाठवा. दुसऱ्या दिवशी उत्साह ओसरतो. मात्र अभिप्रायाच्या बदल्यात सूट देऊ नका, गूगलला ते चालत नाही.

व्हॉट्सॲपच्या प्रसारण यादीत (ब्रॉडकास्ट लिस्ट) २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून नंबर जतन करायला काहीतरी कारण द्या. दर महिन्याला एक लहानशी गोष्ट तुमच्या आवाजात पाठवा, झोपताना मुलांना ऐकवायला.

आणि चित्रफितीत खेळ दाखवू नका, बाहुली कशी बनते ते दाखवा. लगद्याच्या गोळ्याला नाक फुटतं, डोळे येतात आणि ती पहिल्यांदा मान हलवते. माणूस तिथे थांबून बघतो. पैसे भरायचेच असतील तर आधी फोनवर बघा की परिसर सांगलीभोवती वीस-पंचवीस किलोमीटरचा आहे का. तुमची हृदयं लांबून आली, कारण तो परिसर मोकळा राहिला असणार. आणि फक्त मार्चमध्ये भरा, शिबिरं ठरतात तेव्हा.

---

चिऊची_आई | १२ जून, सकाळी १०:१५

एक कळकळीची विनंती. मुलांचे चेहरे पालकांना न विचारता टाकू नका. माझ्या मुलीचा फोटो एका शिबिराच्या जाहिरातीत परस्पर वापरला गेला. त्यानंतर मी तिथे परत गेले नाही आणि आमच्या इमारतीतल्या चार घरांनाही जाऊ दिलं नाही. मुलांच्या पाठमोऱ्या डोक्यांवरून पडदा दिसतो तो फोटो उलट जास्त सुंदर येतो.

---

सावलीताई | १२ जून, दुपारी १२:००

चिऊची_आई, पटलं. जुन्या चित्रफितींतल्या सात आजच काढल्या.

---

पिंगुळीकर | १२ जून, रात्री ८:४०

आमच्याकडचा सांगतंय. कुडाळ तालुक्यातला पिंगुळी म्हणजे ठाकर समाजाचा गाव. चित्रकथी (चित्रा दाखवून गोष्ट सांगतत ती), कळसूत्री बाहुल्यो आणि चामड्याच्यो सावल्यो ह्यो सगळ्यो कला थयसर पिढ्यान् पिढ्या असत. परशुराम गंगावणे यांका २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी गुरांच्या गोठ्यातच संग्रहालय उभा केल्यानी. आधी कलाकार गावोगाव फिरत होते, आता माणसा बाहुल्यो बघूक गावात येतत.

ताई, म्हणान सांगतंय, घरातली एक खोली दाखवूक मोकळी ठेवा. महिन्यातून एक रविवार, दहा मुला, बाहुली कशी करतत ता दाखवा आणि थोडे पैसे घेवा. जुलैत पावसात खेळ नसले तरी ह्या चलात.

---

नटसम्राज्ञी_७२ | १२ जून, रात्री ९:३३

अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सीता स्वयंवर हे मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक केलं हे सगळ्यांना माहीत असतं. ते स्वतः लाकडी बाहुल्या करत हे फार थोड्यांना माहीत असतं. त्यांच्या बाहुल्या पुढे बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा हलत्या केल्या. सांगलीत बाहुल्या नाचवणाऱ्या दोन बहिणी असणं ही खरोखर बातमी आहे!

जाहिरातीला पैसे लागतात, बातमीला लागत नाहीत. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन आणि २१ मार्च हा जागतिक बाहुलीनाट्य दिन. या दोन दिवसांच्या दहा दिवस आधी स्थानिक पेपरच्या कचेरीत एक पान मजकूर आणि दोन चांगले फोटो घेऊन जा. त्या सुमाराला त्यांनाही विषय हवाच असतो.

---

पानसुपारी | १३ जून, सकाळी ९:०८

क्या बात है. भाव्यांचा मुद्दा त्या एका पानाच्या पत्रातही घाला. सांगलीतल्या मुख्याध्यापकाला तो आवडणार म्हणजे आवडणार.

---

जुन्नरी | १३ जून, दुपारी ३:५०

सगळे ताईंना दारोदार पाठवतायत. मी उलटं सुचवतो.

आमच्या नारायणगावात दर वर्षी गुढीपाडव्याच्या सुमाराला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. यात्रांचा हंगाम तोंडावर असतो. गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसं येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, तारीख आणि बिदागी ठरते आणि सुपारी घेऊन फड मोकळा होतो. फडमालक गावोगाव हिंडत बसत नाही, गाव त्याच्याकडे येतं. कारण सगळे फड एका जागी आहेत हे गिऱ्हाइकाला पक्कं ठाऊक असतं. शेजारी-शेजारी राहुटी टाकणारे एकमेकांचे स्पर्धकच, पण एकट्याने राहुटी टाकली असती तर कमिटीवाले आले असते का?

सांगलीत मुलांसाठी कार्यक्रम करणारे तुम्ही एकट्याच नसणार. जादूगार असेल, गोष्टी सांगणारे असतील, मातीकाम, कागदकाम, विज्ञानाचे प्रयोग करणारे असतील. जुलैत एका रविवारी एक हॉल घ्या. प्रत्येकाने दहा मिनिटं नमुना दाखवायचा. शाळा, सोसायट्या, मंडळं, वाचनालयं, शिबिरवाले यांना बोलवा. खर्च वाटून घ्या. मुलांच्या कार्यक्रमांची राहुटी!

---

हरभट_रोड | १३ जून, संध्या. ५:१५

जुन्नरी, जबरदस्त. मी माझं "फुकट करा" मागे घेतो. सांगलीच्या गावभागात एक हॉल माहितीतला आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

पेठेतला | १३ जून, संध्या. ५:४०

शंका : जादूगारच सगळ्या सुपाऱ्या घेऊन गेला तर?

---

जादूची_पेटी | १३ जून, रात्री ८:२०

पेठेतला, शाळा एकाच वर्षी दोनदा जादू बोलवत नाही. यंदा जादू, पुढच्या वर्षी बाहुल्या. मला काम मिळालं तिथे पुढच्या वर्षी मी ताईंचं नाव सांगेन, ताई माझं सांगतील. नाशिकला आम्ही तिघं हेच करतो. महिन्यातल्या दोन सुपाऱ्या अशाच येतात.

---

हिशेबनीस | १४ जून, सकाळी ७:५५

कागदपत्रांचं लिहितो, कारण शाळा आणि कंपन्या शेवटी तिथे अडतात. छापील बिल ठेवा, त्यावर पॅन आणि बँक खातं. जीएसटी विचारतील : सेवांसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, तसं बिलावर एका ओळीत लिहा. उद्यम नोंदणी (लहान व्यवसायांची सरकारी नोंद) सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, पैसे मागणाऱ्या दलालापासून लांब राहा. खेळात सिनेमाची ध्वनिमुद्रित गाणी वाजवत असाल तर त्यांचे हक्क दुसऱ्याचे असतात आणि परवान्याचे पैसे भरावे लागतात. त्यापेक्षा स्वतःची गाणी पेटी-तबल्यावर वाजवा, तेवढा खर्च वाचेल.

---

सावलीताई | १४ जून, रात्री १०:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईने एकेक प्रतिसाद मोठ्याने वाचून घेतला. ठरवलंय : पहिल्या महिन्याचे तीन हजार कागदी बाहुल्या छापायला आणि पत्रांना, दुसऱ्या महिन्याचे राहुटीला. पेटी आई वाजवते, त्यामुळे गाण्यांचा प्रश्न नाही. काय झालं ते इथेच येऊन सांगेन.

---

सावलीताई | १६ नोव्हेंबर, रात्री ९:००

धागा वर काढतेय. उशीर झाला, पण कारण आनंदाचं आहे.

राहुटी जुलैच्या शेवटच्या रविवारी झाली. आम्ही सात जण होतो : दोन कथाकथनवाले, एक जादूगार, मातीकामाच्या एक काकू, ओरिगामीवाले सर, विज्ञानाचे प्रयोग करणारा एक मुलगा आणि आम्ही. हॉल आणि चहा मिळून ३,५०० रुपये, प्रत्येकी ५००. साठ पत्रं हाताने नेऊन दिली. भर पावसात तेवीस जण आले. त्या दिवशी तिथे एकही खेळ ठरला नाही आणि घरी येताना ताई गाडीत रडली. मग मंगळवारपासून फोन सुरू झाले. गणेशोत्सवाचे पाच खेळ आणि शाळांचे चार त्यातून मिळाले.

कागदी बाहुल्यांचा तर वेगळाच अनुभव. आमचा खेळ न बघितलेल्या एका आजींचा मिरजेहून फोन आला, नातवाच्या मित्राकडे त्यांनी ती काडीवरची बाहुली बघितली होती. ऑगस्ट ते ऑक्टोबर मिळून सव्वीस खेळ झाले, म्हणजे महिन्याला आठाच्या वर. जुलैत तीनच, तेही घरातल्या रविवारच्या वर्गामुळे. पिंगुळीकर, तुमचे विशेष आभार. पेपरात रंगभूमी दिनाला चार कॉलमचा फोटो आला, त्यावर अजून तरी खेळ ठरलेला नाही. पण बाबांनी तो लॅमिनेट करून घेतलाय.

जमलं नाही ते व्हॉट्सॲपचं. नंबर जतन करणारे चाळीसच निघाले आणि दर महिन्याला गोष्ट ध्वनिमुद्रित करणं माझ्याच्याने होईना. ते सध्या थांबवलंय.

खेळण्यांच्या दुकानातल्या काकांना दिवाळीचा डबा दिला. त्यांनी काउंटरवर आमची एक बाहुली बसवली आहे.

---

दुसरी_अ_च्या_बाई | १७ नोव्हेंबर, दुपारी ४:०५

वाचून फार बरं वाटलं. माझ्या शाळेचं सांगलीपासून अंतर दीड तासाचं आहे, तरी विचारते. आमच्या वर्गाला पडदे नाहीत, दुपारी लख्ख उजेड असतो. सावल्यांची गोष्ट तशी दिसेल का?

---

सावलीताई | १७ नोव्हेंबर, रात्री ८:५०

बाई, तेवढ्या उजेडात सावली फिकी पडते. आम्ही आता काळ्या कापडाचा बसका तंबू शिवलाय. एका वेळी चाळीस मुलं आत बसतात, दीडशे मुलांसाठी चार फेऱ्या लागतील. बाकीच्यांना तोवर ताई बाहेर बाहुली करायला शिकवते. तारीख सांगा, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मंगळवार-बुधवार मोकळे आहेत.

---

जुन्नरी | १७ नोव्हेंबर, रात्री ९:३०

पुढची राहुटी कधी? माझी मेहुणी कोल्हापूरला लाकडी खेळण्यांचे खेळ घेते, तिला यायचंय.

---

सावलीताई | १७ नोव्हेंबर, रात्री ९:४४

फेब्रुवारीचा दुसरा रविवार, शिबिरवाल्यांसाठी. आठवी जागा त्यांची. ५०० रुपये, दहा मिनिटांचा नमुना, आणि दहा पत्रं त्यांनी स्वतः नेऊन द्यायची.